बादशहाचा कोट, भीमेच्या काठी

कोरेगाव भीमा म्हटलं की लोकांच्या तोंडी दोन तारखा येतात. एक 11 मार्च 1689, संभाजी महाराजांच्या हत्येची, आणि दुसरी 1 जानेवारी 1818, इथल्या लढाईची. पहिलीसाठी माणसं तुळापूरला आणि वढू बुद्रुकला जातात, दुसरीसाठी नदीपलीकडे पेरण्याच्या जयस्तंभाला. मी या गावात सून म्हणून आले आणि याच भागातल्या हायस्कुलात इतिहास शिकवत निवृत्त झाले. या दोन तारखांच्या आडोशाला गेलेली एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करत आली आहे. 1689 च्या मार्चमध्ये औरंगजेबाची छावणी आमच्या गावी येऊन पडली, ती पावसाळा, दसरा, दिवाळी ओलांडून वर्षअखेरीपर्यंत इथेच राहिली. काबूलपासून गोवळकोंड्यापर्यंत पसरलेल्या राज्याचे हुकूम त्या काळात भीमेच्या या काठावरून सुटत होते. म्हणजे मोगलांची राजधानी कित्येक महिने कोरेगावात होती, आणि गावातल्या पोरांना त्याचा पत्ता नाही.

याचं कारण सरळ आहे. ती राजधानी कापडाची होती. तंबू उतरले, कनाती गुंडाळल्या, उंटांवर लादल्या, संपलं. मागे काही उरलं नाही. पण त्याच राजधानीचा दगडी भाग आमच्याच नदीच्या काठी, प्रवाहाच्या अंगाने खाली गेलं की पेडगावला उभा आहे. मोगल त्याला बहादूरगड म्हणत. आता लोक धर्मवीरगड म्हणतात. आमच्या माहेरी त्याला नुसता 'कोट' म्हणत.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, नदीकाठचं. पलीकडे श्रीगोंदा तालुका, आताचा अहिल्यानगर जिल्हा. नदी हीच हद्द. त्यामुळे पेडगावचा कोट जिल्ह्याने परका असला तरी आमच्या लेखी शेजारचाच. आजी सांगायची, बाभळीत जाऊ नका, कोटात जनावर असतं. तिला बादशहा, सुभेदार काही ठाऊक नव्हतं. पण 'तिथं राजाला बांधला होता' एवढं ती हळू आवाजात सांगायची. कोणता राजा, हे विचारायची गरज कुणालाच पडत नसे.

या कोटाची सुरुवात 1673 सालची. त्या वर्षी औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश दख्खनचा सुभेदार झाला आणि त्याने पावसाळ्याच्या मुक्कामासाठी पेडगाव निवडलं. निवड लष्करी नजरेची होती. उत्तरेला चांभारगोंदा, म्हणजे आजचं श्रीगोंदा, आणि त्यापलीकडे नगरचा भुईकोट. दक्षिणेला भीमा ओलांडली की सुपे-बारामतीचं मोकळं मैदान. पश्चिमेला पुणे, पूर्वेला सोलापूरची वाट. घोडदळाला गवत हवं, पाणी हवं, सपाटी हवी. सह्याद्रीच्या डोंगरी किल्ल्यांशी झगडणाऱ्या फौजेला हे सगळं एका ठिकाणी मिळालं. तिथे खानाने भुईकोट बांधून घेतला आणि स्वतःचं नाव दिलं. पुढची चाळीसएक वर्षं तो मोगलांचा दक्षिणेतला मोठा तळ राहिला. धान्य, दारूगोळा, खजिना, बायका-मुलं, आजारी आणि जखमी, सगळं तिथे ठेवायचं आणि फौजांनी पुढे जायचं, असा शिरस्ता पडला.

तळ मोठा म्हणून त्याचं आमिषही मोठं. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला. खजिन्यावर त्या सोहळ्याचा ताण पडला होता. महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच, ऐन पावसाळ्यात, शिवाजी महाराजांचे सुमारे दोन हजार स्वार पेडगावच्या रोखाने आले आणि खानाची फौज अंगावर येताच मागे सरू लागले. खान पाठलागावर निघाला आणि जवळजवळ पन्नास मैल लांब गेला. तेवढ्यात सात हजारांची दुसरी तुकडी वेगळ्या वाटेने मोकळ्या छावणीवर आली. एक कोटीचा ऐवज, बादशहाला नजर करायला जमवलेले दोनशे घोडे, सगळं घेऊन, तंबूंना आगी लावून ती निघून गेली. हे आकडे त्या काळच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांतून आले आहेत. ते ऐकीव बातमीवर लिहीत, तेव्हा एक कोटी म्हणजे मोजून एक कोटी असं धरू नये. पण फजिती झाली आणि तिचा गवगवा सगळीकडे झाला, यात शंका नाही. वेड पांघरून पेडगावला जाण्याची आपली म्हण लोक याच प्रसंगाशी जोडतात. म्हणीचा जन्मदाखला कुणाकडे नसतो, पण पेडगावकर ती मोठ्या अभिमानाने सांगतात.

आता कोट पाहू. भिंतीच्या आतली जागा शंभर एकरांच्या वर आहे. तट लांबच लांब, काही ठिकाणी पुरुषभर उरलेला, काही ठिकाणी ढासळून मातीत मिसळलेला. गावाकडच्या दरवाजाने आत शिरलं की भैरवनाथाचं देऊळ लागतं आणि त्याच्या आवारात वीरगळ. मोगल येण्यापूर्वी कित्येक शतकं इथे गाव होतं, लढाया होत होत्या आणि लढून पडलेल्यांचे दगड गावकरी उभे करत होते, याची ही साक्ष. पुढे आत मल्लिकार्जुन, रामेश्वर, बाळेश्वर, लक्ष्मीनारायण अशी यादवकाळच्या घडणीची देवळं आहेत. बाळेश्वराचं छत गेलंय, खांब मात्र अजून रेखीव आहेत. लक्ष्मीनारायणाचं देऊळ त्यातल्या त्यात शाबूत. त्याच्या बाहेरच्या भिंतीला इतके कोन पाडलेत की ऊन कलतं तशी सावली एका कंगोऱ्यावरून दुसऱ्यावर सरकत राहते. मूर्तींचे चेहरे झिजलेत, काही फुटलेत, पण अंगाची लय शाबूत आहे. देवळात चुना नाही. दगड दगडात बसवलेला. शिकवत असताना मुलांना घेऊन जायची तेव्हा मी त्यांना सांधा शोधायला लावायची. बोटाने चाचपत चाचपत पोरं भिंतीला प्रदक्षिणा घालायची.

नदीच्या बाजूला बादशाही महालाचे अवशेष आहेत. विटा आणि चुना, कमानी, कोनाडे, नदीवर उघडणाऱ्या खिडक्या. इथून भीमेचं पात्र लांबवर दिसतं, आणि पलीकडचा दौंड तालुक्यातला ऊसही.

पण मला त्या सगळ्या कोटात सगळ्यात जास्त थांबवून ठेवतं ते पाणी चढवण्याचं बांधकाम. माझ्या वडिलांची मोट होती. कातड्याची, तोंडाला लोखंडी कडं, खाली सोंड. जाड नाडा मोट ओढायला आणि बारीक सोंदूर सोंड वर धरायला. बैल धावेवरून उतरत गेले की मोट विहिरीतून वर यायची, सोंदूर सैल पडायचा आणि पाणी धबकन थारोळ्यात ओतलं जायचं. मग बैल उलट्या पावलांनी धाव चढायचे. उन्हाळ्यात पहाटे सुरू झालेलं हे काम ऊन तापेपर्यंत चालायचं, आणि एवढं करून किती भिजायचं, तर थोडी तरकारी आणि जनावरांपुरतं हिरवं. हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला पेडगावचा पसारा छाती दडपून टाकतो. तळाला नदी. तिच्यातून उंच काठावर पाणी उपसायची जागा. त्यावर हौद, आणि हौदातून महालाकडे उताराने गेलेले खापरी नळ. गावकरी त्याला हत्तीची मोट म्हणतात. जोत हत्तीचं असो की बैलांचं, त्या उंचीवर पाणी नेऊन कारंज्या-हमामांपर्यंत खेळवायचं म्हणजे मोटा अहोरात्र चालल्या असणार. त्या हाकणारी माणसं दिल्लीहून आलेली नव्हती. ती भीमेकाठचीच असणार. कुणाच्या दप्तरात त्यांची नावं नाहीत. मी त्या हौदापाशी उभी राहते तेव्हा बादशहापेक्षा मला त्यांचीच आठवण जास्त होते.

1689 कडे वळते. औरंगजेब 1681 च्या अखेरीला स्वतः दक्षिणेत उतरला होता. 1686 च्या सप्टेंबरात विजापूर पडलं, पुढच्या सप्टेंबरात गोवळकोंडा. उरलं ते मराठ्यांचं राज्य. 1689 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखानाने कोल्हापूरकडून घाट ओलांडून संगमेश्वरात संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना पकडलं. बादशहाला ही बातमी अकलूजला कळली. तिथून तो बहादूरगडाला आला, आणि 15 फेब्रुवारीला कैद्यांना तिथे आणण्यात आलं.

पुढचं जे लिहिलं गेलंय, ते मोगलांच्याच बाजूच्या खाफीखानाने आणि साकी मुस्तैदखानाने. विदूषकाचे कपडे घालून, घंटा लावलेल्या टोप्या चढवून, उंटावर बसवून, ढोल-कर्ण्यांच्या गजरात धिंड काढली. रस्त्याच्या दुतर्फा माणसांची रीघ होती. दरबारात बादशहा सिंहासनावरून उतरला आणि गालिच्यावर गुडघे टेकून त्याने देवाचे आभार मानले. मग खजिना कुठे आहे आणि आमचे कोणते सरदार तुम्हाला सामील आहेत, हे विचारायला रुहुल्लाखानाला पाठवलं. उत्तर मिळालं ते बादशहाच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. त्यानंतर डोळे काढले. मी हे वर्गात शिकवताना यापुढे वर्णन वाढवलं नाही, इथेही वाढवत नाही. शत्रूच्या इतिहासकारांनी स्वतःच्या हातांनी एवढं लिहून ठेवलंय ते पुरेसं आहे.

छावणी मग बहादूरगडाहून पश्चिमेला निघाली आणि 3 मार्चला कोरेगावला पोहोचली. 11 मार्चला, फाल्गुन अमावास्येला, महाराजांची आणि कवी कलशांची हत्या झाली.

तुळापूर, वढू की कोरेगाव, नेमकं कुठे, यावर आमच्याकडे फार हिरिरीने बोललं जातं. माझं म्हणणं ऐका. जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी 1695 मध्ये कृष्णाकाठी गलगल्याला औरंगजेबाच्या छावणीत गेला होता. त्याने त्या छावणीचा घेर तीस मैल सांगितला आहे. तिच्यात अडीचशे बाजार होते, आणि नुसता बादशहाच्या तंबूंचा पसारा तीन मैलांचा होता. भोवती खंदक, लाकडी कुसू आणि तोफा. कोरेगावची छावणी त्याच्या निम्मी धरली तरी इंद्रायणीच्या संगमापासून वढू-कोरेगावापर्यंतचा सगळा टापू तिच्या पोटात येतो. गावांच्या शिवा आपण आज पाहतो तशा बादशहाच्या बक्षीने पाहिल्या नव्हत्या. फारसी लेखक 'कोरेगाव' लिहितात, मराठी स्मृती 'तुळापूर' म्हणते, समाधी वढूला आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. वढूला महाराजांच्या समाधीबरोबर कवी कलशांची आणि गोविंद गोपाळ यांची समाधी आहे. महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले याच्या एकाहून अधिक परंपरा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. बादशहाच्या तळाच्या नाकासमोर त्या देहाला अग्नी देण्याची छाती ज्यांनी केली, त्या सगळ्यांपुढे मी हात जोडते. त्यावरून भांडणं लावणाऱ्यांना मात्र मी कधी दारात उभं केलं नाही. 1 जानेवारी 2018 ला आमच्या भागात जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. दुकानं पुन्हा उघडली, पण शेजाऱ्यांचं एकमेकांशी बोलणं पूर्ववत व्हायला पुष्कळ काळ गेला. इतिहास इथे पुस्तकात बसून राहत नाही. म्हणून तो पुराव्यानिशी सांगावा लागतो.

कापडी राजधानी कशी असेल? मोगलांकडे तंबूंचे दोन संच असत. एका मुक्कामी बादशहा राहत असताना दुसरा संच, पेशखाना, पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहायचा. बादशहाच्या वस्तीभोवती तांबड्या कापडाच्या उंच कनातींची भिंत, तिला गुलालबार म्हणत. आत दरबाराचे मंडप, जनाना, नमाजाची जागा. रात्री लांबून छावणी कळावी म्हणून उंच खांबावर आकाशदिवा. भोवती सरदारांचे तळ, त्यांच्या भोवती बाजार: धान्य, गवत, सराफ, कापड, लोहार, नालबंद. वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य घेऊन येत, कारण एवढ्या पोटांना आसपासच्या गावांचं पीक आठवडाभरही पुरणारं नव्हतं.

करेरीने गलगल्याला साठ हजार घोडे सांगितलेत. कोरेगावला निम्मेच होते असं धरा. एका घोड्याला दिवसाला तीस लिटर पाणी. म्हणजे रोज नऊ लाख लिटर, दहा हजार लिटरचे नव्वद टँकर, फक्त घोड्यांसाठी. उंट, हत्ती, बैल आणि माणसं वेगळी. तेव्हा वर चासकमान नव्हतं. मार्च-एप्रिलात भीमा म्हणजे बारीक धार आणि मधूनमधून डोह. शिरूर तालुक्यात टँकरची वाट पाहिलेल्या बायकांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. नदी कोणी आधी उपसली, डोह कोणी नासवले, कडबा कोणाच्या गंजीचा गेला, सरपणासाठी कोणाची आंबराई तुटली, हे बखरींत नाही. पण मनुची नावाचा व्हेनिसचा माणूस, जो मोगल राज्यात आयुष्यभर राहिला, त्याने लिहून ठेवलंय की बादशहाच्या फौजा जिथून गेल्या तिथे झाडं आणि पिकं उरली नाहीत, त्यांच्या जागी माणसांची आणि जनावरांची हाडं उरली. कोरेगाव त्या वाटेवरच होतं.

त्या छावणीत त्या वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. पहिली बखरीतली. संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण रात्री छावणीत घुसले, बादशहाच्या डेऱ्याचे तणाव तोडले आणि सोन्याचे कळस कापून घेऊन गेले. बादशहा त्या रात्री दुसऱ्या तंबूत होता म्हणून वाचला. चिटणिसांची बखर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली, तेव्हा तिच्या तपशिलावर मी पैज लावणार नाही. पण राजा मारला गेल्यावर काही महिन्यांत मराठे बादशहाच्या तंबूपर्यंत पोहोचतात, ही आठवण लोकांनी जपली यातच पुष्कळ आलं.

दुसरी पक्की. राजाराम महाराज एप्रिलमध्ये रायगडावरून निसटून पुढे जिंजीकडे गेले होते. येसूबाई गड धरून राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई सात वर्षांच्या शाहूराजांसह कैद होऊन बादशहाच्या याच छावणीत आल्या. नवऱ्याचा जीव जिथे घेतला, त्याच नदीकाठी. शाहू महाराज 1707 ला सुटले, येसूबाईंना 1719 पर्यंत थांबावं लागलं. तीस वर्षं. आमच्या गावात येसूबाईंच्या नावाची एक पाटीसुद्धा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1689 च्या अखेरीला कोरेगावात बसलेला बादशहा एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्याच्या हाती सगळं होतं. विजापूर, गोवळकोंडा, रायगड. मोगल राज्य इतकं मोठं त्याआधी झालं नव्हतं. आणि तरी तो परत गेला नाही, जाऊ शकला नाही. पुढे 1695 पासून चारेक वर्षं त्याची छावणी भीमेवरच, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरी-माचणूरला होती. मग एकेक डोंगरी किल्ला घ्यायचा, मराठ्यांनी तो परत घ्यायचा, असं चालू राहिलं. 1705 च्या अखेरीला वाकिणखेड्याचा वेढा उरकून, मध्ये जीवघेणं दुखणं काढून, सत्त्याऐंशी वर्षांचा हा माणूस पुन्हा पेडगावला आला. सोळा-सतरा वर्षांपूर्वी याच कोटात त्याने गालिच्यावर गुडघे टेकले होते. आता त्याच्या लष्कराच्या मागेपुढे मराठ्यांच्या तुकड्या मोकळ्या फिरत होत्या. 1706 च्या जानेवारीत तो नगरला पोहोचला, आणि 1707 च्या मार्चमध्ये तिथेच मेला. दिल्ली त्याने पुन्हा पाहिली नाही.

हा सगळा इतिहास पेडगावच्या तटाच्या आत आहे. म्हणूनच मला एका गोष्टीची काळजी वाटते. अलीकडे गडप्रेमी तरुणांनी तिथे फार मोलाचं काम केलंय. वेडी बाभूळ तोडली, वाटा मोकळ्या केल्या, महाराजांच्या स्मरणार्थ स्तंभ उभा राहिला, दिवे लागले. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच गर्दीत कधी कधी ऐकू येतं, 'तो महाल कशाला ठेवायचा? औरंग्याचा आहे, पडू दे.' मी अशा पोरांशी वाद घालत नाही, त्यांना हौदापाशी बसवते आणि सांगते: बाळांनो, तो महाल पडला तर उद्या कोणी म्हणेल, इथे बादशहा आलाच नव्हता. मग महाराजांना इथे आणलं याचा दगडी दाखला कुठून आणाल? ज्याने छळ केला त्याचं घर उभं आहे, म्हणून छळाला पुरावा आहे.

जगात हे ओळखणारी माणसं आहेत. व्हिएतनाममध्ये हनोईला थांग लाँगचा बादशाही कोट आहे. ली घराण्याच्या राजाने 1010 साली राजधानी तिथे आणली. पण ज्या जागेवर त्याने कोट बांधला तिथे आधी चिनी अंमलातली गढी होती. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी कोटाचा बराचसा भाग पाडून आपल्या लष्करी इमारती उभ्या केल्या. अमेरिकेशी युद्ध चालू असताना 1967 मध्ये व्हिएतनामी सेनापतींनी त्याच आवारात बैठकीची इमारत आणि खाली बाँबपासून बचावाचा भुयारी निवारा बांधला. 2002 च्या सुमारास जवळच संसदेच्या नव्या इमारतीसाठी खोदकाम निघालं तेव्हा थरावर थर सापडले: चिनी काळाच्या विटा, ली-ट्रान काळातले पाये, विहिरी, कौलं. त्या देशाने चिन्यांशी हजार वर्षं झुंज दिली, फ्रेंचांना हाकललं. तरी त्यांनी चिनी थर फेकला नाही, फ्रेंच भिंती पाडल्या नाहीत. सगळं एकावर एक जसं होतं तसं दाखवलं, आणि 2010 मध्ये, कोटाच्या हजाराव्या वर्षी, युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. 2025 च्या जुलैत आपल्याही 12 मराठा किल्ल्यांना तो मान मिळाला. शिवनेरी, रायगड, राजगड त्यात आहेत. त्या दिवशी मीही पेढे वाटले. पेडगाव त्या यादीत बसत नाही, ते मोगलांचं ठाणं होतं. पण जिच्याशी ते 12 किल्ले लढले त्या सत्तेचा तळ पाहिल्याशिवाय त्या लढ्याचं माप कळणार नाही.

यादवांचे मूर्तिकार, मोगलांचे गवंडी, भीमेकाठचे मोटकरी आणि महाराजांचे शेवटचे दिवस, पेडगावला हे सगळं एकाच तटात आहे. त्यातलं एक ठेवून बाकीचं ढासळू द्यायचं, असा इतिहास ठेवता येत नाही.

मला काय हवंय ते सांगते, आणि ज्यांच्या हाती आहे त्यांनी ते मनावर घ्यावं. पेडगावच्या नदीकडच्या भागाचं, विशेषतः पाणी चढवण्याच्या बांधकामाचं आणि खापरी नळांचं, नीट मोजमाप आणि उत्खनन व्हावं. पुरातत्त्वाच्या माणसांनी करावं, हौशी फावड्यांनी नाही. देवळांच्या दगडांना रंग आणि सिमेंट लावू नये. महालाच्या उरलेल्या भिंतींना टेकू द्यावेत, यंदाच्या पावसाआधी दिले तर उत्तम. आणि कोरेगावात, पुणे-नगर रस्त्यावर, एक साधा फलक लागावा: 1689 साली मोगल बादशहाची छावणी या गावात कित्येक महिने होती, येसूबाई आणि बाल शाहूराजे इथे कैद होते. त्यात कुणाच्या बाजूचं, कुणाच्या विरोधातलं काही नाही. घडलेलं आहे, तेवढंच लिहायचं.

तुम्ही वढूला आणि तुळापूरला दर्शनाला येता, तेव्हा एक दिवस जास्तीचा काढा. शिक्रापूरवरून न्हावरे, काष्टी, श्रीगोंदा करत पेडगावला जा. सकाळी लवकर पोहोचा, कारण आत सावली कमी आहे. भैरवनाथाला नमस्कार करून वीरगळ पाहा, लक्ष्मीनारायणाच्या भिंतीला प्रदक्षिणा घाला, मग बाभळींतून नदीकडे जा. महालाच्या भिंतीवर नाव कोरू नका, तटावर चढू नका, दगड ढिले आहेत. आणि बरोबर मुलं असतील तर त्यांना हौदापाशी नेऊन विचारा, इतक्या उंच पाणी कोणी चढवलं असेल.